आठ स्प्रिंगा आणि अक्कलकुव्याचा चढ

लढाईच्या चौथ्या वर्षी पेट्रोल मिळेनासं झालं आणि आमची तळोदा-अक्कलकुवा सर्व्हिस मोटर कोळशाच्या गॅसवर चालू लागली. चालू लागली म्हणजे सपाटीवर. अक्कलकुव्याच्या अलीकडचा चढ आला की तिचा जीव जायचा. मग आमच्या ह्यांनी लोहाराच्या भट्टीचा पंखा पट्ट्याने इंजिनाला जोडला आणि गॅस आत दाबून भरला. जोर वाढला खरा, पण त्या दाबापुढे व्हॉल्व्हच्या जुन्या स्प्रिंगा हरल्या. व्हॉल्व्ह नीट मिटेनात.

सोमवारी परवाने तपासणारे मोटरसाहेब पूर्ण भार घालून चढ चढवून बघणार होते. नाही चढली तर परवाना गेला.

मगन भंगारवाल्याने सुरतेहून दोन पुरचुंड्या आणल्या. दोन्हींत स्प्रिंगा आणि व्हॉल्व्ह: एकीत लष्करी लॉरीचे, दुसरीत साधे. बैलाचं वशिंड दाबावं तशी ह्यांनी एक लष्करी स्प्रिंग अंगठ्याने दाबली.

"हाई देख! दबतच नहीं. मिलटरीनं हाड शे!"

"बैल लेवाना शे का तुम्हले?" मी म्हटलं. "आन बैल भी जोडीना लागतस."

मी मिरच्या तोलायची वजनं काढली. एकेक स्प्रिंग खिळ्यावर उभी केली, वर फळी ठेवली आणि उभ्या काडेपेटीइतकी दबेपर्यंत वजनं चढवली. जुन्या अकरा शेरांत बसल्या. लष्करी एक बावीसला दबली, तर दुसरी एकतीसला. साध्या आठही अठराला.

"भाभी, पंखा लायेल शे. कडकच टाका," मगन म्हणाला.

"आन व्हॉल्व्ह उचलनारा कॅम घसाई गया म्हणजे? नवा लढाईमातून तू आनशी?"

मगन विडी शोधू लागला, मी साध्या आठ उचलल्या.

व्हॉल्व्ह मी आरशावर लोळवून निवडले. दांडी डुगडुगली की तो बाजूला. जिथून जळता धूर बाहेर पडतो तिथे मात्र चारही लष्करी घातले, कारण ते पोलाद तापून मऊ पडत नाही. तेवढ्यावर हे खूश. घासून बसवल्यावर वर रॉकेल ओतलं. थेंब गळला नाही.

सोमवारी हे चाकावर, साहेब शेजारी, मी मागे भरल्या उतारूंत. चढाच्या पायथ्याशी गिअर बदलायला मोटर रेंगाळली, तशी डोंगरातली दिवलीबाई टोपलीसकट खाली उतरली. वर्षभर सगळे इथे उतरून मोटर ढकलतच जायचे. बाकीच्यांना मी धरून बसवलं. मोटर एका दमात माथ्यावर.

साहेबांनी मागे वळून डोकी मोजली. "एक बाई कमी. भार पुरा नाही. परत चढवा."

ह्यांचा चेहरा पडला. "इंजिन तपेल शे वं."

"तपू द्या," मी म्हटलं. "स्प्रिंगा अठरान्या अठराच ऱ्हातीन."

खाली येऊन दिवलीबाईला वर ओढलं. आपला काय गुन्हा झाला ते तिला कळेना. मोटर पुन्हा चढू लागली, पहिल्यासारखीच, न फटफटता. अर्ध्या चढावर साहेबांनी कागद मांडीवर घेऊन सही केली. अक्षर जराही हललं नाही.

दिवलीबाई दांडा घट्ट धरून मला विचारत होती, "बाई, ढकलायला कधी उतरायचं?"