पाच कवड्यांचं गणित

जळगावच्या एका हायस्कुलात गणित शिकवणारे अभिमन मास्तर आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, दुसऱ्या दिवशी सोनगीरला सासुरवाडीला आले, ते बायकोला न्यायला. प्रमिलाबाई सणासाठी माहेरी येऊन पंधरा दिवस झाले होते. तेवढ्या दिवसांत जळगावात मेहरूणच्या घरी मास्तरांनी तीन पातेली जाळली होती आणि चौथ्याला हात लावायचं धैर्य उरलं नव्हतं.

सासरे वना आबा ओट्यावर कवड्या खुळखुळवत बसले होते. आखाजीच्या दिवसांत खानदेशात जुगार खेळणं पाप नसतं; न खेळणारा मात्र आजारी समजला जातो.

"आठ दिन ऱ्हाऊ द्या तिले," आबा म्हणाले.

"आबा, माझे जेवणाचे हाल आहेत हो."

"मंग खेळा. पाच कवड्या. तीन नईतर जास्ती उताण्या पडन्यात, तर एक दिन कमी. नई पडन्यात, तर एक दिन जास्ती."

मास्तर मनातल्या मनात हसले. कवडी एकतर उताणी पडणार, नाहीतर पालथी. म्हणजे निम्मं-निम्मं. शिवाय डाव जितके जास्त तितकी नशिबाची लुडबुड कमी, हे ते वर्गात दरवर्षी सांगत. म्हणून त्यांनी स्वतःहून बारा डाव मागितले.

बारांत तीन जिंकले, नऊ हरले. आठाचे चौदा दिवस झाले. सहाव्या डावाला तर "आता पडायलाच हव्यात" असं ते चक्क पुटपुटले. पेपरात असं लिहिणाऱ्याला त्यांनी भोपळा दिला असता.

दुसऱ्या दिवशी उजाडताच मास्तर त्याच कवड्या घेऊन गोठ्यात बसले. पाचही कवड्या दोनशे वेळा फेकल्या आणि वहीत रेघा मारल्या. हजारात उताण्या निघाल्या तीनशे साठ. कवडीची पाठ फुगीर, पोट चपटं. ती निम्मं-निम्मं कशाला पाळते? त्यावरून आकडेमोड केली, तर मास्तरांचा डाव चारांत एकदाच लागत होता. बैलांनी हे सगळं शांतपणे पाहिलं.

वही घेऊन ते ओट्यावर आले. "आबा, ही फसवणूक आहे. चारांतले तीन डाव तुमचेच."

"बठ्ठ्या गावले माहीत शे. पोरेबी पहिले बाजू इचारतस. तुम्हीन इचारी नई. मले वाटनं, मास्तर माणूस, मान राखाले हारी ऱ्हायनात."

"मग आता बाजू बदलू. एकच डाव. उताण्या तीनपेक्षा कमी पडल्या तर ती आज येते. नाहीतर मृगापर्यंत राहू द्या."

आबा लगेच हो म्हणाले. इतक्या लगेच, की मास्तरांना त्यांची दया आली.

कवड्या पडल्या. चार उताण्या.

मास्तरांपेक्षा आबांचाच चेहरा जास्त उतरला. "हाई काय करं जावाईबापू? मी हारालेच बठनू व्हतू. पोर सकायले बोलनी, आते मले धाडा."

"मग धाडा ना."

"कवड्यासना शब्द कसा मोडू? आखाजी शे."

"पुन्हा टाकू. चारांत तीनदा आपलंच."

आबांनी टाकल्या. तीन उताण्या. मास्तरांनी टाकल्या. पुन्हा तीन. धुळ्याकडची एस.टी. यायची वेळ झाली, तेव्हा सासरा आणि जावई आयुष्यात पहिल्यांदा एका बाजूने खेळत होते आणि दोघंही हरत होते.

प्रमिलाबाई पिशवी भरून दारात आल्या. त्यांनी ओट्यावरच्या पाचही कवड्या गोळा केल्या, आत जाऊन ज्वारीच्या कोठीत टाकल्या आणि हात झाडत बाहेर आल्या.

"आबा, कवड्या सापडन्यात, तर मंग खेळा. मी निंघनू," म्हणत त्या वडिलांच्या पाया पडल्या आणि फाट्याकडे चालू लागल्या.

मास्तर वही सावरत मागे धावले. "अगं, सलग तीनदा. चौसष्टात एकदा होतं असं. कळतंय का तुला?"

"कळतंय," प्रमिलाबाई म्हणाल्या. "ही पिशवी धरा."