बारमाही टायर

"लिंकनचं अख्खं डोकं दिसतंय! ये ना इकडे, बघ स्वतःच्या डोळ्यांनी," हार्लन खाली बसल्या बसल्या ओरडला.

ग्लेनाला काही बघायचं नव्हतं. शनिवारची सकाळ होती. वेंडेलच्या टायरच्या दुकानासमोर तिचा नवरा दुखऱ्या गुडघ्याला न जुमानता तिच्या गाडीच्या पुढच्या चाकाशी उकिडवा बसला होता. टायरच्या खाचेत त्यानं एक पेनी उलटी खोचली होती. नाण्यावरच्या लिंकनचे केस खाचेत बुडाले तर टायर अजून चालेल, डोकं उघडं पडलं तर तो भंगारात जाईल, हे ओहायोतलं शेंबडं पोरही सांगेल. हार्लननं तर ट्रकच्या कारखान्यात तीस वर्षं काढली होती.

"दोन वर्षंसुद्धा झाली नाहीत," तो उठता उठता म्हणाला. "पासष्ट हजार मैलांची हमी दिली होती कंपनीनं. आणि ही बाई चालवते किती? घर नि शाळा, शाळा नि घर. रविवारी चर्च. आज हमीवर नवे टायर घेतल्याशिवाय मी हलत नाही इथून."

"जाऊ दे ना रे. साधेसे चार घेऊ नि घरी जाऊ."

"जाऊ दे म्हणणाऱ्यांच्या जिवावरच या कंपन्या चालतात."

हार्लनशी हुज्जत घालण्यात अर्थ नसे. टोस्टर एका बाजूनं जास्त भाजतो म्हणून तो एकदा दुकानदाराला पावाची करपलेली फोड दाखवायला घेऊन गेला होता. एरवी ग्लेनाला या असल्या लढायांची गंमत वाटायची, चर्चमध्ये ती रंगवून सांगायचीसुद्धा. पण आज चोराच्या मनात चांदणं होतं. हमीचा विषय निघाला की वेंडेल गाडीचा मीटर बघणार, मीटर किती मैल झाले ते सांगणार, आणि मग हार्लन विचारणार की हे मैल आले कुठून.

ते मैल आले होते त्यांच्या मुलापायी. कोल्बी गोदामात ओझी उचलायचा. तिथे त्याची पाठ धरली, पाठीसाठी गोळ्या सुरू झाल्या, आणि गोळ्या बंद झाल्यावर त्यानं जे धरलं ते काही सुटलं नाही. तीन हिवाळ्यांमागे त्यानं बापाची हत्यारं विकून टाकली, अगदी आजोबांचा रंधासुद्धा. हार्लननं त्याच दिवशी कुलपं बदलली आणि जेवणाच्या टेबलावर सांगितलं, "या घरात आता त्याचं नाव निघायचं नाही." ग्लेनानं नाव काढलं नाही. कोल्बी डेटनला गेला एवढंच लोकांकडून कळलं, आणि पुढे तेही कळेनासं झालं.

ग्लेना शाळेच्या जेवणघरात वाढायला होती. तिचं काम दुपारी दोनला संपे. हार्लनला तिनं सांगून ठेवलं होतं की ज्या मुलांचे आईबाप उशिरा येतात त्यांना खाऊ द्यायला सहापर्यंत थांबावं लागतं. सुट्टीतसुद्धा काही ना काही निमित्त ती शोधून काढायची. दोन वाजले की ती हायवेला लागे आणि डेटन गाठे. पुलाखाली, बसथांब्यांवर, पेट्रोल पंपांच्या मागे हळूहळू गाडी फिरवत राही. कुणी थांबलं तर काच खाली करून कोल्बीचा फोटो दाखवी. माणसं फोटोकडे बघायची, मग तिच्याकडे बघायची आणि मान हलवायची.

तिला त्याचं वाईट वाटत नसे. आपण एकटी बाई, दुपारचे चार तास आपल्याकडे, आणि शहर एवढं मोठं. जिथे आपण बघितलं नाही तिथे तो असणार, हे तिनं मनाशी धरलं होतं. न बघितलेल्या जागा ती जपून ठेवायची. रेल्वेचं यार्ड, बंद पडलेल्या कागद कारखान्यामागचे तंबू, नदीच्या त्या अंगाचं मोटेल. रोज एक जागा खोडायची आणि दोन ठेवायच्या, असं तिचं चाललं होतं. तिच्यापाशी आशा म्हणून जे काही होतं ते एवढंच.

वेंडेल हात पुसत बाहेर आला. चाळिशीतला धिप्पाड माणूस. शाळेत असताना ग्लेनाच्या हातचे कुस्करलेले बटाटे दोनदा मागून घ्यायचा, म्हणून अजूनही तिला मिस ग्लेनाच म्हणे. मागच्या पानगळीत तो एक बंद पडलेली गाडी ओढून न्यायला डेटनला गेला होता आणि पुलाखाली ग्लेना त्याला दिसली होती, हातात फोटो घेऊन. तिनंही त्याला पाहिलं होतं. त्यानं टोपीला दोन बोटं लावली आणि तो निघून गेला. तेव्हापासून दुकानात कधी गाठ पडली की दोघंही हवापाण्यावर फार उत्साहानं बोलायची.

"बोला हार्लन. आज कुणाचा नंबर?"

"तुझ्या कंपनीचा. हे टायर तूच चढवलेस ना? बघ त्यांची काय दशा झालीय. हमी काढ."

"हमी असेल तर मिळेल की. मीटर बघतो," वेंडेल म्हणाला आणि किल्ली घेऊन गाडीत बसला.

ग्लेना काचेतून त्याच्याकडे बघत राहिली. त्यानं किल्ली फिरवली. मीटर उजळला. वेंडेल त्या आकड्याकडे बराच वेळ बघत होता, एवढा वेळ आकडा वाचायला लागत नाही. मग त्यानं मान वर करून तिच्याकडे पाहिलं. तिला मानसुद्धा हलवता आली नाही.

वेंडेल किल्ली काढून बाहेर आला. "मैल काही फार नाहीत," तो म्हणाला. "पण अलाइनमेंट गेलीय, हार्लन. चाकं तिरकी चाललीत. एखाद्या खड्ड्यात आपटली असेल. तिरकी चाकं टायर खातातच. त्याला कंपनी हमी देत नाही."

"अलाइनमेंट?"

"हो. आपलं नशीब."

खोटं बोलणाऱ्या त्या पोराला जवळ घ्यावं असं ग्लेनाला वाटलं. पण वेंडेल एक गोष्ट विसरला होता, आणि गडबडीत ती ग्लेनाच्याही लक्षात आली नाही. हार्लन पुन्हा चाकाशी बसला. या वेळी त्यानं पेनी काढली नाही. टायरवर तळहात ठेवला आणि तो आडवा फिरवला, आधी इकडून तिकडे, मग तिकडून इकडे. तिरक्या चाकाचा टायर एका कडेनं झिजतो, हाताला धार लागते. हा टायर सगळीकडून सारखा झिजला होता, जमिनीवर सरळ चालून चालून. हार्लननं दुसऱ्या चाकावर हात फिरवला, मग मागच्या दोन्हींवर.

"तर मग..." वेंडेल घसा खाकरून म्हणाला. "मिस ग्लेनांची गाडी गावातल्या गावातच असते. त्यांना हे स्वस्तातले बारमाही घ्या. रोजच्या येण्याजाण्याला पुष्कळ झाले."

ग्लेना घाईनं म्हणाली, "हो, हेच दे."

"नको," हार्लन म्हणाला. तो टायरच्या मांडणीपुढे उभा राहिला. त्यानं एकेक टायर खाली ओढून त्याच्या खाचा बोटांनी चाचपल्या. "हा लवकर कडक होतो. हा पावसात घसरतो. तो काढ, वरच्या फळीवरचा. याच्या खाचा खोल आहेत."

"तो महाग आहे, हार्लन. आणि आवाजही थोडा करतो."

"करू दे. हायवेला पाणी साचलं की ट्रक बाजूनं जाताना एवढी छोटी गाडी तरंगते. हा धरून ठेवील. बर्फाचं पाणी झालेलं असलं तरी धरील. हेच चार चढव."

ग्लेनानं हायवे हा शब्द ऐकला. घर ते शाळा या वाटेवर हायवे कुठेच नव्हता. वेंडेलनंही तो ऐकला असावा, कारण तो टायर काढायला जरा जास्तच घाईनं आत गेला.

गाडी होईपर्यंत दोघं बाकावर बसून राहिली. हार्लननं हमीचं अवाक्षर काढलं नाही. लग्नाला चाळीस वर्षं होत आली होती आणि या माणसानं एखादं भांडण असं अर्ध्यावर सोडलेलं तिनं प्रथमच पाहिलं. आता आपणच त्याच्याशी भांडावं असं तिला वाटत होतं.

परतताना हार्लननं गाडी चालवली. गावाबाहेरच्या मक्याच्या शेताशी त्यानं ती कडेला घेतली आणि बंद केली.

"पुलाखाली गेलीस तरी गाडीतून उतरू नकोस," तो समोर बघत म्हणाला.

"कुठल्या पुलाखाली?" ग्लेना म्हणाली. ताकाला जाऊन भांडं लपवण्यातला प्रकार होता तो.

"ग्लेना."

तिनं मांडीवरची पर्स उगाच उघडली आणि मिटली.

"तो लाल दाढीवाला आहे ना, तो साधा माणूस आहे. पण त्याच्या शेजारी जो पडलेला असतो तो सुरा बाळगतो."

हे तिच्या ध्यानात यायला वेळ लागला. शेजारचा माणूस सुरा बाळगतो हे लांबून दिसत नाही, त्यासाठी त्याच्यापाशी जाऊन बसावं लागतं.

"तुला काय माहीत?" तिनं विचारलं.

"मासे," हार्लन म्हणाला.

निवृत्त झाल्यापासून तो रोज पहाटे कॉफीचा थर्मास आणि गळ घेऊन तळ्यावर जायचा. तीन वर्षांत एक मासा घरी आला नव्हता. माझा नवरा माशांना हवापालटाला नेतो, असं ती सगळ्यांना सांगायची आणि बायका हसायच्या. तोही हसायचा.

"रोज?"

"रोज. दुपारपर्यंत परत यायचो. म्हटलं, निदान तुझं तरी मन त्या शाळेतल्या पोरांमध्ये गुंतलंय, तुला कशाला यात ओढा? नाव काढायचं नाही असं मीच म्हणालो होतो. मग कुठल्या तोंडानं सांगणार? आज टायर चाचपले तेव्हा कळलं, तूही तिथेच फिरतेस."

ग्लेनानं त्याचा हात धरला. काळपट, रबराचा वास येणारा हात. इतक्या दिवसांनी तिला आनंद झाला, खराखुरा आनंद. आपण एकटी नव्हतो. सकाळी तो, दुपारी आपण. दोन माणसांनी शोधलं म्हणजे किती झालं! आणि मग, ज्या उत्साहानं माणूस पुढचा बेत ठरवतो त्याच उत्साहानं तिनं विचारलं, "रेल्वेचं यार्ड राहिलंय माझं. तू गेला होतास कधी?"

"दर आठवड्याला जातो."

"कागद कारखान्यामागचे तंबू?"

"बघितले. पोलिसांनी ते उठवले वसंतात. ते लोक मग जिथे गेले तिथेही बघितलं."

"नदीपलीकडचं मोटेल?"

"तिथली मालकीण मला ओळखते."

तिचा हात त्याच्या हातात सैल झाला. पण ती विचारत राहिली, कारण आता थांबणं जास्त भीतीचं होतं. "इंडियानात त्याचा तो मित्र होता. कामावरचा. त्याच्याकडे असेल."

"गेलो होतो. तो मित्र वारला, ग्लेना. दोन वर्षं झाली. त्याच्या आईनं मला चहा दिला."

"तुरुंग?"

"विचारलं. सगळ्या जिल्ह्यांत."

शेतातून वारा आला आणि वाळलेला मका सळसळला. एक शब्द तिनं तीन वर्षांत मनातसुद्धा उच्चारला नव्हता. तिनं तो उच्चारला नाही, फक्त हार्लनकडे बघितलं.

"तिथेही जातो," तो म्हणाला. "महिन्याला एकदा. बेवारशांवरची चादर सारून दाखवतात. तिथेही नाही." त्यानं बाहीनं समोरची काच पुसली. "तिथून बाहेर पडलो की बरं वाटतं एक दिवस. दुसऱ्या दिवशी वाटतं, तिथे असता तरी बरं झालं असतं. निदान आणता आला असता."

काखेत कळसा नि गावाला वळसा असं आपण सहज म्हणतो, पण त्या वळसा घालणाऱ्याच्या काखेत निदान कळसा तरी असतो. या दोघांनी एकाच शहराला दोन बाजूंनी वळसे घातले होते. ग्लेनानं आठवून पाहिलं, पुन्हा आठवून पाहिलं. तिला आणखी एकही जागा सुचली नाही. तिनं जपून ठेवलेल्या सगळ्या जागा तो कधीच बघून आला होता. ती रडायला लागली, मोठ्यानं, लहान मुलासारखी, आणि हार्लन स्टीअरिंगवर दोन्ही हात ठेवून बसून राहिला.

"मग एवढे चांगले टायर कशाला घेतलेस?" बऱ्याच वेळानं तिनं नाक पुसत विचारलं.

"तू थोडीच थांबणार आहेस?" तो म्हणाला. "मी काही तुला थांब म्हणणार नाही. मलाही कुणी म्हणू नये."

सोमवारी शाळेत मासळीच्या वड्या होत्या. ग्लेनानं सगळ्यांना वाढलं, एका मुलीला दोन जास्त दिल्या, टेबलं पुसली, एप्रन खुंटीला लावला. दोन वाजता ती गाडीत बसली.

चौकात उजवीकडे हायवे होता. तिनं सवयीनं उजवा दिवा लावला आणि ती थांबली. तीन वर्षं या चौकात तिला विचार करावा लागला नव्हता, पुढची जागा मनात तयार असे. आज ती जागेचं नाव शोधत होती. मागच्या गाडीनं एकदा हॉर्न दिला, थोडं थांबून दुसऱ्यांदा दिला. कुठे जायचं? यार्डात? तिथे हार्लन जाऊन आला. आज सकाळीही तो गळ घेऊन निघाला होता. तिनं त्याच्या थर्मासमध्ये कॉफी भरून दिली होती आणि दोघांपैकी कुणीही माशांबद्दल काही बोललं नव्हतं.

मागचा माणूस गाडी बाजूनं काढून पुढे गेला. जाताना त्यानं काहीतरी शिवी दिली. ग्लेनानं उजवा दिवा बंद केला, डावा लावला आणि ती वळली.

नवे टायर संथ फिरत होते. वेंडेल म्हणाला होता तसा त्यांचा बारीक आवाज येत होता. चर्च गेलं, धान्याचं कोठार गेलं, आणि लगेच तिची गल्ली आली. हार्लनचा ट्रक दारात होता. तिनं गाडी त्याच्यामागे लावली आणि किल्ली काढली. बाहेर लख्ख ऊन होतं, शेजारची बाई कपडे वाळत घालत होती, जेवणाला अजून चार तास होते. घर इतकं जवळ आहे हे ती विसरूनच गेली होती. हार्लन पडवीत आला. त्यानं तिला बघितलं, मग उन्हाकडे बघितलं, आणि काही न विचारता दार तिच्यासाठी उघडं धरून उभा राहिला.