सासूबाईंची दुपारची झोप

माझा कॉम्प्युटर आजारी पडला तो नेमका त्याच आठवड्यात. घरांच्या आतल्या सजावटीची चित्रं मी घरी बसून काढते, आणि एका मोठ्या ऑफिसने चाचणी म्हणून एक स्वयंपाकघर दिलं होतं. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत चित्र पोचलं तर कायमचं काम, नाहीतर राम राम.

आणि इथे कॉम्प्युटर ढिम्म! एक ओटा उमटायला अख्खी सकाळ. प्रोसेसरचा वेग बघितला, तर चार गिगाहर्ट्‌झची ऐट मिरवणारा गडी पाऊणच्या पुढे सरकेना. काम कितीही लादा, हा आपला तिथेच.

नवऱ्याने सल्ला दिला, "बंद करून चालू कर." आणि गेला कामाला. मोठा आला तज्ज्ञ!

धाकट्या दिरांचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. दुकान सोडून येता येईना, म्हणून त्यांनी मला फोनवरच नाचवलं. "वहिनी, विंडोजमध्ये पॉवरचं सेटिंग पूर्ण वेगावर टाका." टाकलं. "आतली धूळ काढा." काढली, शिंकून शिंकून नाक लाल. "विंडोजच परत टाका." तेही टाकलं. वेग पाऊणच! शुक्रवारी दुपारी मला रडूच फुटलं.

"आता बायोस तेवढं राहिलं," भाऊजी म्हणाले. "विंडोज सुरू व्हायच्या आधीची सेटिंग्ज असतात ती. चालू करताना डिलीटचं बटण दाबत राहा."

एकेक ओळ वाचत गेले. "भाऊजी, इथे सायलेंट मोड चालू दिसतोय. प्रोसेसर कमीत कमी वेगावर, असं लिहिलंय."

पलीकडे भाऊजी एकदम खोकायला लागले.

"भाऊजी?"

"वहिनी... ते मीच केलंय. रविवारी जेवायला आलो होतो ना, तेव्हा आई म्हणाली, कॉम्प्युटरमधला तो पंखा फार घोंघावतो, दुपारी डोळा लागत नाही. प्रोसेसर तापलाच नाही तर पंखा कशाला फिरेल? विसरूनच गेलो बघा."

काखेत कळसा नि गावाला वळसा! मी मागे वळले. त्याच खोलीत कॉटवर सासूबाई गाढ झोपल्या होत्या. इतक्या गाढ, की पापण्या फडफडत होत्या.

"आई, माझं काम गेलं असतं!"

"मी आवाज बंद कर म्हटलं होतं," त्या डोळे न उघडता म्हणाल्या. "काम बंद कर नव्हतं म्हटलं."

मी मोड बदलला. पंखा जो सुटला, तो चित्र पाठवूनच थांबला. सासूबाई कानावर उशी दाबून पडून होत्या.

सोमवारी दुपारी मी नुसती उत्तराची वाट बघत बसले होते. खोलीत अगदी शांत होतं. सासूबाई या कुशीवरून त्या कुशीवर होत होत्या. शेवटी उठूनच बसल्या.

"पंखा गप्प का गं? नाही म्हणाले का ते?"

"अजून काहीच कळलं नाही, आई."

"माझ्या मेलीच्या झोपेपायी गेलं तर..." त्यांनी पदराने डोळे टिपले. माझा सगळा राग तिथेच विरघळला. उठून त्यांच्याजवळ बसणार, तेवढ्यात मोबाइल वाजला.

"मिळालं, आई! लगेच तीन खोल्या पाठवल्यात."

"मग बघत काय बसलीस?" सासूबाई पुन्हा आडव्या झाल्या. "सुरू कर तो मेला पंखा. मला झोपू दे."