तज्ज्ञ सल्लागार

महाडच्या एमआयडीसीत बरीच वर्षं क्रेन आणि डंपर दुरुस्त केल्यावर प्रितमला झांबियातल्या तांब्याच्या खाणीवर नोकरी लागली. काम ओळखीचंच, फक्त तिथले डंपर घराएवढे. त्यांचे ब्रेक तो बघायचा. सुट्टीच्या दिवशी पोलादपूरला व्हिडिओ कॉल लावून बायकोला, अनुष्काला, तिथला मुलूख दाखवायचा.

अनुष्का जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. एकदा प्रितमच्या मागून बायका डोक्यावर पाण्याचे कॅन घेऊन जाताना तिला दिसल्या.

"खाणीतून एवढं तांबं निघतं ना? मग ह्या बायांच्या दारात नळ का नाही हो?"

दुसऱ्या दिवशी प्रितमनं सोबतच्या स्थानिक फिटरला विचारलं. तो म्हणाला, खाण कायम तोट्यात असते. नफाच नाही, तर सरकारला कर कुठून मिळणार? अनुष्काला हे पटलं नाही. तोट्यातला धंदा दरवर्षी नवे डंपर घेतो होय? मग तांबं विकत कोण घेतं, घेणारा कुठला, असं ती दर कॉलला विचारू लागली. प्रितमलाही चटक लागली. जेवणाच्या सुट्टीत याला विचार, त्याला विचार, असं करत त्याला कळलं की घेणारी कंपनीसुद्धा खाणीच्या मालकाचीच होती, पण दुसऱ्या देशातली. तिला तांबं स्वस्तात जायचं. पुढे ती ते महाग विकायची, आणि नफा दिसायचा तो जिथे कर जवळजवळ नाही अशा ठिकाणी.

"म्हणजे रायगडाखालच्या हिरकणीवाडीच्या खानावळवाल्यानं भावालाच दहा रुपयांत ताट विकायचं," अनुष्का म्हणाली, "अन् भावानं तेच दारात उभं राहून पर्यटकांना दोनशेला." ती हसली.

पुढच्या महिन्यात राजधानीतून कर खात्याची माणसं तपासणीला यायची होती. मॅनेजरनं सगळ्या भारतीय कामगारांना बोलावून बजावलं, कुणी विचारलं तर आपण तज्ज्ञ सल्लागार आहोत असं सांगायचं. प्रितमला वाटलं, मान वाढवतायत. अनुष्कानं त्याला 'सल्लागारसाहेब' म्हणून चिडवूनही घेतलं.

तपासणीला चिलेशे नावाची तरुण अधिकारी आली. वर्कशॉपमध्ये तिनं प्रितमला आधी त्याचा पगार विचारला, मग तो कोण देतं ते विचारलं. पगार एका बेटावरच्या कंपनीकडून यायचा; का, हे त्यानं कधी विचारलं नव्हतं. चिलेशेनं शांतपणे सांगितलं, की प्रितमच्या सल्ल्यापोटी ही खाण त्या कंपनीला त्याच्या पगाराच्या कितीतरी पट पैसे देते, आणि ती कंपनीही मालकाचीच आहे.

प्रितमनं हातातला पाना खाली ठेवला. खाणीच्या तोट्यात त्याचं नाव होतं. त्या कॅनवाल्या बायका ज्या तोट्यापायी पायपीट करत होत्या, त्यातला थोडा त्याच्या नावावर लिहिलेला होता.

"तुम्ही सल्ला देता का?" तिनं विचारलं.

काचेपलीकडून मॅनेजर बघत होता. पोलादपूरला नव्या घराच्या भिंती उठल्या होत्या, स्लॅब टाकायचा बाकी होता. प्रितम मोडक्यातोडक्या इंग्रजीत म्हणाला, "नाही. मी ब्रेक दुरुस्त करतो."

त्याला कुणी काही बोललं नाही. फक्त करार संपला तेव्हा तो वाढवून दिला नाही. घरी हे सांगायची त्याला धास्ती होती. अनुष्कानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "स्लॅब पुढच्या वर्षी टाकू. तुम्ही या."

आता तो पोलादपूरला, आंबेनळी घाटाचा रस्ता फुटतो तिथं, एका गॅरेजात काम करतो. पगार कमी आहे, आणि काही दिवस त्याला ते जड जातं. चिलेशेचा अधूनमधून मेसेज येतो. त्याच्यामागून तिथल्या आणखी काही फिटरांनी खरं सांगितलं. सल्लागारांचा खर्च कर खात्यानं नामंजूर केला. कंपनी कोर्टात गेली आहे.

परवा खाणीतलं बॉक्साइट भरलेला एक ट्रक ब्रेकसाठी थांबला. काम झाल्यावर प्रितमनं हात पुसले आणि ड्रायव्हरला विचारलं, "माल कोणाचा हाय रे?"

"कंपनीचा," ड्रायव्हर म्हणाला.

"ती कुणाला विकते?"

ड्रायव्हरला ठाऊक नव्हतं. प्रितमनं दोन चहा सांगितले आणि त्याला बाकावर बसवून घेतलं.