तारेवरचं फडकं

तीन दिवस मी ओट्यावर वेगळी बसले, वेगळ्या ताटात जेवले, कुणाला शिवले नाही. चौथ्या दिवशी डोक्यावरून पाणी घेऊन घरात शिरते, तर अक्का दारात उभी.

"बाहेर बसली ना तू? मंग फडकं कुठी वाळत घातलं?"

मेले! बाकी सगळं नाटक नीट केलं आणि मागच्या तारेवर धुतलेली फडकी घालायची तेवढी साफ विसरले. अक्का म्हणजे माझी सासू, धुरपदाबाई. सगळं गाव तिला अक्का म्हणतं, मीपण. तिच्या नजरेतून काही सुटेल तर शपथ.

"रतिलालले दिल्लीले जाऊन किती दिवस झाले?" तिनं हळूच विचारलं. ती हळू बोलली की मला जास्त भीती वाटते.

रतिलाल माझा नवरा. गावातल्या केळीवाल्यांनी मिळून काढलेल्या ग्रुपचा माल उतरवायला दिल्लीच्या बाजारात राहतो. पोळ्याला येऊन गेला तो गेलाच, आता तुळशीचं लग्नही झालं. इकडं माझी पाळी बंद, वरून दर महिन्याला माहेरचं नाव सांगून जळगावची एसटी. अक्काच्या मनात काय आलं ते न कळायला मी काय कुक्कुलं बाळ? असा संताप आला! तो तिकडं काय दिवे लावतो ते कुणी विचारत नाही, आणि माझी फडकी मोजतात!

पण राग गिळला. हिनं दिल्लीला एक शब्द कळवला की मी माहेरी आणि माझ्या तिन्ही पोरी इथं. मी पोलक्याची बाही वर केली.

"हात लावून पाहा. आगकाडीएवढ्या सहा काड्या आहेत. पोर राहू नये म्हणून जळगावच्या दवाखान्यात बसवल्या. पाळी त्यांच्यामुळंच थांबली."

"दंडातल्या काड्यांनी पाळी थांबते? मले येडी समजली का?"

"मग चला जळगावला!"

दुसऱ्या दिवशी गेलो. डॉक्टर मॅडमनी लघवी तपासली आणि सांगितलं, दिवस गेलेले नाहीत. मग नेहमीसारखी सुई टोचून माझं रक्त काढलं.

"आजी, हे औषध नवीन आहे. काड्यांतलं रक्तात किती उतरलं ते आम्ही दर महिन्याला बघतो. त्यानं हार्मोन बदलतात. कुणाची पाळी थांबते, कुणाचं अंगावरून सारखं जातं."

"किती उतरलं मंग?"

"ते मुंबईला तपासतात. आकडे तिकडंच असतात."

"रगत हिचं अन् आकडे मुंबईले? हे काहून?"

मॅडम रक्ताच्या नळीवर चिठ्ठी चिकटवू लागल्या. मला बरं वाटलं. मी हेच विचारून थकले होते.

बाहेर येताच अक्कानं माझा दंड धरला, अंगठ्यानं एकेक काडी चाचपली.

"रतिलालले माहीत हाये?"

"नाही. त्याला मुलगा पाहिजे."

"मलेबी पाहिजे," ती म्हणाली.

फैजपूरच्या एसटीत ती खिडकीकडं तोंड करून बसली. निदान धाकटी तरी माझ्याबरोबर देतील का, एवढाच माझ्या डोक्यात घोर. उतरताना ती पुटपुटली, "धाकटीच्या बाळंतपणाले तुझे पाय गार पडले व्हते. मीच चोळत बसली व्हती."

घरी ओट्यावर मंदाबाई हजर. माझी जाऊ, शेजारीच राहते.

"काय म्हणे डाक्तर? गोड बातमी हाये का?" सटवी हसत होती.

"कायची बातमी? वाटंतच पुन्हा बाहेरची झाली," अक्का खेकसली. "सरक, शिवशील."

"पुन्हा? कालच तर न्हाली!"

"कमीजास्त होते तिचं. म्हणून तर डाक्तर."

मंदाबाई पटकन मागं सरकली. मी गुमान ओट्यावर बसले. आत लुगडं टरकन फाटल्याचा आवाज आला. मग अक्का मागच्या दारी गेली, बादलीत काहीतरी बुचकळून पिळलं आणि मंदाबाईच्या खिडकीसमोर तारेवर फडकं वाळत घातलं. जिनं कधी माझ्या फडक्याला हातसुद्धा लावला नाही, ती! माझ्या डोळ्यांना पाणीच आलं.

तिनं लांबूनच ताट सरकवलं.

"जेव," ती म्हणाली. "अन् पुढच्या खेपेले इसरू नको, येडे."