उजवीकडे एक बोट कमी

उजवा डोळा झाका. वाचा. आता डावा झाका. वाचा.

हिरव्या मातीचा गोळा. मुलं ज्याचे हत्ती करतात, तो.

दोनशे पंचावन्न, पस्तीस, अठरा.

पत्र्यावर टिचकी मारली की टण्ण. पुट्टीवर मारली की ठप्प.

"मी फक्त रंग लावला."

घर्र.

मित्रांनो, हे सगळे तुकडे एकाच गोष्टीचे आहेत आणि ती गोष्ट माझी आहे. मी टायर आहे. मागचा, उजवा, रुंद. आता जुना म्हणवतो, पण रस्त्यावर झिजून जुना झालो असतो तर माझी काहीच तक्रार नव्हती. मी पडून पडून जुना झालो.

जन्म थोडक्यात सांगतो. काळा चिकट रबर, तारांची जाळी, कापडाचे थर आणि शेवटी एक तापलेला साचा. साच्यातून बाहेर आलो तेव्हा अंगभर रबराचे बारीक केस होते आणि कुशीवर माप उठलेलं होतं: दोनशे पंचावन्न, पस्तीस, अठरा. माझ्या मागोमाग त्याच साच्यातून माझा जुळा भाऊ आला. त्याच्या कुशीवरही तेच माप. पहिला आकडा रुंदीचा, मिलिमीटरमध्ये. दुसरा कुशीच्या उंचीचा, म्हणजे रुंदीच्या शंभर भागांपैकी किती, ते. तिसरा आत बसणाऱ्या रिमचा, इंचांमध्ये. माणसांना नाव असतं, आम्हाला माप असतं.

आणि माझं माप चुकलेलं नव्हतं. हे आत्ताच सांगून ठेवतो, कारण पुढे बराच वेळ कोणी ते मानणार नाही.

टायरवाल्या काकांच्या दुकानात आम्ही दोघं वरच्या फळीवर होतो. तिथून मी ताईला पहिल्यांदा पाहिलं. ताई चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासते. तिची गाडी दोन माणसांची, बुटकी, लाल, जुनी स्पोर्ट्स कार. तिने तिचं इंजिन सुधारून घेतलं होतं, स्प्रिंगा बदलल्या होत्या, धुराचा पाइपसुद्धा नवा बसवला होता. चाकं तेवढी राहिली होती.

हा सगळा खटाटोप एका दिवसासाठी होता. वर्षातून एकदा डोंगरावरचा एक रस्ता रहदारीला बंद करतात आणि एकेक गाडी घड्याळ लावून वर सोडतात. ताईने गाडी त्याच्यासाठीच घेतली होती आणि दर वर्षी काही ना काही आडवं आलं होतं. या वर्षी तिने घरात सर्वांसमोर जाहीर केलं होतं, "या खेपेला वर गेले नाही, तर गाडी विकून टाकते. पुरे झालं." घरच्यांपैकी कोणीही 'विकू नकोस' म्हणालं नव्हतं, ही गोष्ट तिला जास्त लागली होती.

तिच्याबरोबर तिचा धाकटा भाऊ होता. त्याला सगळे छोट्या म्हणतात. डोक्यावरचे केस गेले, तरी छोट्याच. तो दुकानांच्या पाट्या रंगवतो.

"दोनशे पंचवीस घ्या मॅडम," काका म्हणाले. "तुमच्या आत्ताच्या दोनशे पाचपेक्षा चांगले रुंद आहेत. बसतील, फिरतील, तुम्हाला झोपही लागेल."

"मला झोपायचं नाहीये काका. चढायचंय."

"रुंद टायर म्हणजे जास्त पकड, असं सरसकट नसतं हो. आधी तो तापावा लागतो. आणि रुंदी वाढली की जागा लागते. रिमचा ऑफसेट चुकला, म्हणजे चाक आत किती आणि बाहेर किती याचा हिशेब चुकला, की एक तर आत स्प्रिंगला लागेल, नाहीतर बाहेर मडगार्डला."

"काका सांगतायत ते ऐक ना, ताई," छोट्या म्हणाला. एरवी तो कोणाचंच ऐकत नाही, हे मला नंतर कळलं.

ताईने ऐकलं नाही. तिने मापून घ्यायचं ठरवलं. मापायची तिची रीत मला आवडली. गाडी जॅकवर उचलून मापलं तर चाक खाली लोंबतं आणि जागा आहे त्यापेक्षा जास्त वाटते. म्हणून तिने मागच्या डाव्या मडगार्डच्या आत, काठाला, मातीचा हिरवा गोळा चिकटवला. काकांनी माझ्या मापाचं एक चाक तिथे बसवलं, गाडी खाली टेकवली. मग काका, छोट्या आणि पंक्चर काढायला आलेले एक गृहस्थ असे तिघे मागच्या डिकीवर बसले आणि ताईने गाडी गदागदा हलवली. चाक वर आलं, माती दबली. दबलेल्या मातीची जाडी म्हणजे उरलेली जागा. एक बोट.

"बसला!" ताई म्हणाली. "आता उजवीकडे बघू. माती कुठेय?"

"संपली," छोट्या म्हणाला. "आणि दोन्ही बाजू सारख्याच असतात ताई. कंपनी काय एक बाजू मोठ्या भावाला आणि एक धाकट्याला करायला देते का?"

ताई हसली. काकांना दुसऱ्या गिऱ्हाइकाने हाक मारली. आणि मी वरच्या फळीवरून बघत होतो, मित्रांनो, उरलेली हिरवी माती छोट्याच्या खिशात होती. खिसा फुगलेला होता.

जी बाई दिवसभर लोकांना एक डोळा झाकायला लावते, मग दुसरा झाकायला लावते, आणि दोन्हींचा नंबर वेगळा असू शकतो हे प्रत्येकाला समजावून सांगते, तिने मागचं एकच चाक मापलं. मला अजून राग येतो.

आम्ही बसलो. जुळा डावीकडे, मी उजवीकडे. दोन दिवस कौतुक झालं. शेजारचे आजोबा काठी टेकत गाडीभोवती फिरले आणि म्हणाले, "आता कशी जेवून उठल्यासारखी दिसते." कोणी फोटो काढले. एका बाईंनी मला हात लावून पाहिला. मला वाटलं, झालं, आता डोंगर.

मग पहिलं जोरातलं डावं वळण आलं. डावीकडे वळताना गाडी उजवीकडे कलते आणि सगळा भार माझ्यावर येतो. मी वर गेलो.

घर्र.

"छोट्या, ऐकलंस?"

"काय?"

"घासलं काहीतरी."

"खडा असेल."

खडा! माझ्या खांद्यावर पत्र्याची धार चालत होती आणि हा शहाणा खडा म्हणत होता. तिकडे डावीकडे जुळा मजेत फिरत होता. त्याला एक बोट जागा होती. मला नव्हती. का नव्हती, ते मला कळत नव्हतं, पण नव्हती एवढं मला कळत होतं, आणि टायरला तोंड नसतं.

इथून पुढे जे झालं ते आठवलं तरी माझी हवा जाते. आधी हवा वाढवली. मग हवा कमी केली. मग स्प्रिंगा आणखी कडक केल्या, त्यामुळे ताईची पाठ धरली आणि घासणं थोडं कमी झालं, थांबलं नाही. मग मडगार्डचे काठ आतून गरम करून, रूळ फिरवून दोन्हीकडे मुडपले. डावीकडचा काठ निमूट मुडपला. उजवीकडच्या रंगाला तडा गेला.

"इथेच कसा तडकला?" ताईने विचारलं.

"ऊन एकाच बाजूला लागतं ना, तू गाडी लावतेस तिथे," छोट्या म्हणाला आणि लगेच डबा घेऊन आला. रंग जुळवणं म्हणजे त्याच्या हातचा मळ. संध्याकाळपर्यंत तडा दिसेनासा झाला.

बोलणी मात्र मला बसली. ताई मला जाड्या म्हणू लागली. काका म्हणाले, "मी सांगत होतो. तुम्हाला रुंदीची हौस." एका ओळखीच्या मेकॅनिकने तर सुचवलं, "याचा खांदा थोडा तासून टाकू." माझा खांदा! ज्याच्यावर सगळी गाडी वळणार, तो! सुदैवाने ताईने त्याच्याकडे नुसतं पाहिलं आणि तो गेला.

हळू चालवलं तर मी गप्प असायचो. ताईने तेवढ्यावर समाधान मानलं. मी मानलं नाही. मला विचारलं कोणी?

शर्यतीच्या सकाळी डोंगराच्या पायथ्याशी मैदानावर गाड्यांची रांग होती. छोट्या त्याची पाट्यांची व्हॅन घेऊन मागून आला होता. तपासणीच्या बाई टॉर्च घेऊन आल्या, गाडीभोवती फिरल्या, वाकल्या आणि त्यांनी माझ्या खांद्यावरून बोट फिरवलं.

"ही चकचकीत रेघ कसली?"

"धूळ असेल," छोट्या म्हणाला.

"धूळ गोल फिरून एका रेघेत बसते का हो?" बाई उठल्या. "टायर पत्र्याला लागतोय. भर चढावर फाटला तर गाडी दरीत जाईल. तुमची पाळी यायच्या आत सोय करा, नाहीतर मला नाव कापावं लागेल."

बाई पुढच्या गाडीकडे गेल्या. ताई माझ्यासमोर जमिनीवर बसली. मग तिने ते केलं जे तिने पहिल्या दिवशी करायला हवं होतं. दुकानात काच खराब की डोळा खराब हे कळत नसेल, तर ती तीच काच दुसऱ्या डोळ्यावर लावून बघते.

"ही दोन चाकं अदलाबदल कर."

"आत्ता? कशाला उगाच..."

"कर."

मी डावीकडे गेलो, जुळा उजवीकडे आला. ताईने मैदानावर गाडी गोल फिरवली. जुळा ओरडला. घर्र. मी गप्प फिरत होतो. माझ्या खांद्याला वारा लागत होता, पहिल्यांदाच.

"म्हणजे टायरचं काही नाही," ताई म्हणाली.

मित्रांनो, एवढं एक वाक्य! ते ऐकायला मी किती तळमळलो, आणि ऐकलं तेव्हा वेळ निघून गेली होती. ताईने डाव्या मडगार्डच्या आत बोट घातलं, आरामात गेलं. उजवीकडे नखसुद्धा जाईना.

"गाडीच वाकडी आहे. संपलं." ती चाकाला टेकली. "विकते. घरच्यांना सांग, विकली म्हणून."

छोट्या व्हॅनकडे गेला. मागचं दार उघडून त्याने पाट्यांखालून एक ताडपत्री ओढली आणि गाडीची मागची दोन्ही जुनी चाकं एकेक करून गडगडवत आणली. अरुंद, दोनशे पाचची. हवा भरलेली. पुसलेली.

ताईचा चेहरा उजळला आणि लगेच बदलला.

"जुनी चाकं का आणलीस?"

"असू देत म्हणून."

"तू? तू घरून निघताना पाण्याची बाटली आणत नाहीस."

ताई उठली. डाव्या मडगार्डवर तिने टिचकी मारली. टण्ण. उजव्यावर मारली. ठप्प. थोडं सरकून पुन्हा मारली. ठप्प.

"आत पत्रा चेपलाय. वरून पुट्टी भरलीय. हे तू केलंस?"

"पुट्टी डेंटिंगवाल्याने भरली. मी फक्त रंग लावला."

"कधी?"

"झाली दोन वर्षं."

"कशावर घातलीस?"

"आपल्याच फाटकाच्या खांबावर. मागे घेताना."

"दोन वर्षं! मी या बिचाऱ्याला जाड्या म्हणतेय, माझी पाठ मोडली, आणि तू उन्हाच्या गोष्टी सांगतोस? माझी गाडी मला न विचारता बाहेर काढलीसच कशाला तू?"

छोट्याने तोंड उघडलं. तेवढ्यात भोंग्यावरून ताईचा नंबर पुकारला.

"पाना दे," ताई म्हणाली.

तिने चाकं स्वतः बदलली. त्याला हात लावू दिला नाही. शेवटचा नट अडला तेव्हा न बघताच म्हणाली, "धर." त्याने धरलं. तपासणीच्या बाईंनी चारही चाकांत टॉर्च मारला, चारही मडगार्डमध्ये बोट घातलं आणि मान हलवली.

आम्ही जुळे व्हॅनला टेकून उभे. आम्हाला वळणं दिसत नव्हती, फक्त इंजिन ऐकू येत होतं, एकदा जवळ, एकदा लांब, मग अगदी वरून. छोट्या आमच्यामध्ये उकिडवा बसून नखं खात होता. वरून आकडा आला. पहिला नंबर नाही, दुसरा नाही, तिसराही नाही. पण ती वर पोचली होती.

खाली आली तेव्हा ती हसत होती.

"कशी गेली?" छोट्याने घाबरत विचारलं.

"मागून सटकते रे. रुंद टायर हवे होते."

ऐकलंत?

गाडी विकली नाही. मला वाटलं, आता पुट्टी उकरतील, पत्रा सरळ करतील आणि आम्हाला बोलावतील. काकांनी तेच सांगितलं, "उघडून नीट करून घ्या मॅडम, हे दोघं एकदम फिट बसतील." तोवर ताई आणि छोट्याचं बोलणं पुन्हा सुरू झालं होतं, त्याने तिला सगळं सांगितलं होतं. ताई उजव्या मडगार्डवर हात ठेवून उभी होती.

"राहू दे काका," ती म्हणाली. "ती बाजू तशीच राहू दे. त्या दोनशे पंचवीसची एक जोडी काढा. आणि या वेळी दोन्हीकडे मापा."

जुळ्याला कोणी तरी घेऊन गेलं. मी दुकानाबाहेर आडवा पडलो आहे. काका माझ्यावर बसून चहा पितात. माझ्या नक्षीची अजून अर्धीसुद्धा झीज झालेली नाही, आणि उन्हाने कुशीला भेगा पडू लागल्या आहेत.

म्हणून, मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. एखादं काही बसत नसेल तर त्याला जाड्या, आडमुठा म्हणण्याआधी जागा तपासा. आत बोट घालून तपासा. दोन्ही बाजूंनी. आणि तुमच्या खिशात माती असेल तर ती बाहेर काढा, तुमच्यापायी तिसराच कोणीतरी रोज घासला जात असतो.

गाडी खांबावर आदळली त्या सकाळी छोट्या ताईला ऑपरेशननंतर दवाखान्यातून घरी आणायला निघाला होता.