पुढच्या वर्षीचं मशीन

आमच्या घरात ऐकणारे दोघे. देवघरातला ऐकतो म्हणतात, पण बोलत नाही. सोफ्यावरचे बोलतात, पण ऐकत नाहीत.

सोफ्यावरचे म्हणजे आमचे हे, सदाशिवराव. चाकणच्या कारखान्यात, पत्रे ठोकणाऱ्या यंत्रांच्या धडधडत्या प्रेसशॉपमध्ये हयात गेली. निवृत्त होऊन सांगवीला घरी बसले, तेव्हा कान मात्र तिकडेच राहिले. कानाचं मशीन घ्या म्हटलं की उत्तर ठरलेलं, पुढच्या वर्षी याहून चांगलं येईल. असं करत करत नातेवाईक फोन करायचे थांबले.

देवावर ह्यांचा विश्वास नाही. लाइनवर ह्यांच्या जागी रोबो बसला, तेव्हा ह्यांनी बिल्डिंगमध्ये पेढे वाटले होते. म्हणतात, तुझा देव एकदा जग करून जो झोपला तो झोपला, आमचं तंत्रज्ञान दर वर्षी थोडं थोडं पुढे येतंच आहे. एक दिवस दुखणं राहणार नाही, म्हातारपण राहणार नाही. हे सांगताना चेहरा अगदी कीर्तनकार बुवांसारखा होतो. एकदा मी ओरडून म्हटलं, "अहो, गणपतीला आम्हीही पुढच्या वर्षी लवकर या म्हणतो. पण या वर्षीचा बसवल्यावर." समोरच्या फ्लॅटमध्ये चित्राताई हसल्या. ह्यांना ऐकू आलं नाही.

ज्याला ऐकू येत नाही त्याच्याशी ओरडून सांगण्यासारखं असेल तेवढंच बोलता येतं. गॅस संपला. पाणी आलं. बाकीचं पाटीवर लिहायचं. डॉक्टरांनी माझी गर्भपिशवी काढायला सांगितली, सोमवारची तारीख मिळाली, तेही मी लिहूनच दाखवलं. वाचून ह्यांनी मान हलवली आणि म्हणाले, हल्ली रोबो करतो, त्याचा हात थरथरत नाही.

मला रोबोच्या हाताचं काही विचारायचं नव्हतं. मला भीती वाटत होती. लिहून दाखवली असती तर तिलाही उत्तर आलं असतं. मला उत्तर नको होतं. माझ्या आवाजात कुणीतरी ती ऐकायला हवी होती, आणि ती काही जिन्यापर्यंत जाईल अशी ओरडून सांगता येत नाही.

म्हणून शनिवारी ह्यांना पिंपळे सौदागरच्या दुकानात नेलं. नुसतं बघायला, असं पाटीवर लिहून. तिथल्या श्रद्धा नावाच्या मुलीनं ह्यांच्या कानात मशीन बसवलं. ह्यांनी दचकून वर पंख्याकडे पाहिलं. मग चप्पल फरशीवर घासून बघितली, पुन्हा एकदा घासली.

"काकू, बोला काहीतरी. नेहमीच्या आवाजात," म्हणत ती फोन घ्यायला आत गेली.

नेहमीचा आवाज कुठे ठेवला होता तेच मला पटकन आठवेना.

"अहो," मी म्हटलं, "मला सोमवारची भीती वाटते."

ह्यांनी ऐकलं. चेहऱ्यावर मला स्वच्छ दिसलं. ओठ हलले, पण या वेळी त्यातून रोबो बाहेर आला नाही, काहीच आलं नाही. माझ्याकडे बघत राहिले, मग हळूच मशीन काढून ट्रेमध्ये ठेवलं. श्रद्धा परत आल्यावर ह्यांनी मोठ्यानं विचारलं, नवीन मॉडेल कधी येतंय? तिनं पुढच्या वर्षी म्हणून पाटीवर लिहिलं.

"मग तेव्हाच बघू," हे म्हणाले.

राग यायला हवा होता मला. पण इतकी वर्षं मला वाटत होतं, हे चांगल्या मशीनची वाट बघताहेत. देवघरातलाही असाच असेल का? सगळं ऐकून, बोलण्यासारखं काही न सुचल्यामुळे गप्प?

घरी परतताना कोकणे चौकात रिक्षा अडकली. हे रिक्षावाल्याला सांगू लागले, अजून थोडी वर्षं थांबा, गाड्या आपल्या आपण चालतील, ट्रॅफिक राहणारच नाही. मग आम्ही काय करायचं काका, त्यानं विचारलं. ते ऐकू न आल्यामुळे हे बोलत राहिले, बाहेर बघत. माझ्या पदराचं टोक मात्र ह्यांच्या बोटांत होतं, नुसतं पिळत होते. मी सोडवून घेतलं नाही.